जास्वंदीच्या फुलाचे भाग, त्यांची कामं आणि न धरणारं फळ

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलीला शाळेसाठी जास्वंदीचं फूल सोडवून त्याचे भाग वहीत चिकटवायचे आहेत. पुस्तकातली आकृती आणि हातातलं फूल जुळत नाही. हिरवी दलं पाच असायला हवीत, ती अकरा-बारा भरतात. पुंकेसर कुठले आणि स्त्रीकेसर कुठला, तेही कळत नाही. शिवाय अंगणातल्या झाडाला बारा महिने फुलं येतात पण फळ कधीच धरत नाही, आणि उन्हाळ्यात कळ्या गळतात. झाडात काही दोष आहे का?

झाडात दोष नाही. जास्वंदीच्या फुलात फळ धरायला लागणारे सगळे भाग असतात, पण आपल्या अंगणात ते काम सहसा शेवटाला जात नाही. त्यामुळे नुसतं जास्वंदीचं फूल घेऊन बसलं की निम्मी कामं पाठ करावी लागतात. सोबत भेंडीचं आणि कपाशीचं एकेक फूल घ्या. तिन्ही एकाच कुळातली, भेंडी कुळातली. ही दोन्ही फुलं खानदेशात बांधावरच बघायला मिळतात, त्याचा फायदा घ्या.

आधी फूल कोणतं निवडायचं ते सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. लाल, पाच पाकळ्यांचं, एकेरी फूल घ्या. भरगच्च दुहेरी फूल दिसायला छान, पण त्यात बऱ्याच पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. नीट पाहिलं तर आतल्या एखाद्या अरुंद पाकळीच्या कडेला पिवळा परागकोष चिकटलेलाही सापडतो. शिकायला ते दुसरं फूल म्हणून ठेवा, पहिलं नको. फूल सकाळी आठ-नऊच्या सुमाराला तोडा. साधं लाल फूल एका दिवसाचंच असतं. दुपारी मलूल होतं आणि संध्याकाळी पाकळ्या परत गुंडाळून घेतं. देठासकट तोडा. नवं ब्लेड, दोन टाचण्या, पांढरा कागद आणि दहापट भिंग एवढं पुरे. जुनं ब्लेड वापरू नका. या कुळातल्या झाडांत बुळबुळीत चिकट द्रव असतो, बोथट पात्याने सगळं चेंदून तारा सुटतात. गुऱ्हाळावर उसाचा रस निवळायला भेंडीच्या झाडाचा जो चिकट रस घालतात, तोच हा द्रव.

आता बाहेरून आत जाऊ.

देठावर, फुलाच्या बाजूला, एक बारीक सांधा दिसेल. बोटाने चाचपला तर जाणवतो. आकृतीत तो कुणी दाखवत नाही, पण कळी गळते ती याच सांध्यावर. कळ्यांचं बोलताना त्याच्याकडे परत येऊ.

देठाच्या टोकाला जिथे सगळे भाग बसवलेले असतात तो पुष्पाधार. त्याच्या लगेच वर पाच ते नऊ, बहुतेक वेळा सहा-सात, बारीक हिरव्या पट्ट्या दिसतात. या निदल, म्हणजे पुस्तकातली पाच हिरवी दलं, नाहीत. हा निदलांच्या बाहेरचा जादा घेर, मराठी विश्वकोशाच्या भाषेत अपिसंवर्त. तुमचे 'अकरा-बारा' इथून आले: सहा-सात या पट्ट्या आणि पाच खरे निदल. कोवळ्या कळीला बाहेरून आधार आणि आडोसा देणं हे यांचं काम. जास्वंदीत त्या इतक्या बारीक असतात की हे काम पटत नाही. मग कपाशीचं पातं बघा. तिथे याच पट्ट्या मोठ्या, दातेरी, तीनच आणि कळीला पुरतं झाकणाऱ्या. शेतकरी ज्याला पातं म्हणतो तो बाहेरून दिसणारा त्रिकोणी आकार म्हणजे हा अपिसंवर्तच. कळी आत असते. बोंड फुटलं की याच पट्ट्या वाळून चुरतात आणि वेचणीत कापसात पत्ती म्हणून येतात.

त्याच्या आत निदलपुंज. पाच निदल खालून जोडलेले, वर पाच टोकं, आकार घंटेसारखा. टोकं मोजली की संख्या पटते. कळीत यांच्या कडा एकमेकांना फक्त टेकलेल्या असतात, एकमेकांवर चढलेल्या नसतात. काम दोन प्रकारचं: उमलेपर्यंत कळीचं रक्षण, आणि मध. हा मध कुठे असतो ते पुष्कळांना माहीत नसतं. निदलपुंज ब्लेडने उभा चिरून आतली बाजू तळाशी भिंगातून बघा. बारीक ग्रंथिल केसांचा मखमलीसारखा पट्टा दिसेल. मध तिथे पाझरतो आणि पाकळ्यांच्या तळाशी असलेल्या फटींतून मिळतो. लहान मुलं फुलाचं बूड चोखतात ते याचसाठी. शिंजीर पक्षी कधीकधी समोरून न येता बाहेरून बुडाला चोचीने बारीक भोक पाडून मध पिऊन जातो. त्यात फुलाचा तोटा होतो: मध गेला, पराग मात्र अंगाला लागलेच नाहीत.

अंबाडीच्या फुलात प्रत्येक निदलाच्या बाहेरच्या शिरेवरही एक ठसठशीत मधाची गाठ असते, पानाच्या मागच्या शिरेवरही असते. तिथे मुंग्या फिरतात. मुंग्या दिसल्या म्हणून लगेच पंप काढू नका. मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे का ते आधी बघा. लाल अंबाडीत तर हे निदलच मांसल, आंबट होतात. सरबतासाठी जी लाल 'फुलं' वाळवतात ती खरं म्हणजे फुलं नाहीत, फळाभोवती राहिलेले निदल आहेत. भेंडीत उलट प्रकार: तिचा निदलपुंज फूल उमलताना एका बाजूने फाटतो आणि पाकळ्यांबरोबर गळून जातो. म्हणून भेंडीच्या बुडाला वांग्यासारखी टोपी राहत नाही.

मग दलपुंज. पाच पाकळ्या. उमलायच्या आदल्या दिवशीची कळी घेऊन वरून बघा, छत्री गुंडाळल्यासारखी पिळलेली दिसेल. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर, दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली. पाकळ्या सुट्या वाटतात, पण एक ओढून काढायला जा, तळाशी त्या मधल्या नळीला चिकटलेल्या निघतात. ओरबाडून काढल्या तर नळी फाटते. त्यामुळे एकेक पाकळी तळाशी ब्लेडने कापूनच वेगळी करा. काम अर्थात बोलावण्याचं: लाल रंग पक्ष्यांच्या नजरेत भरतो. हा रंग आम्ल-अल्कलीत बदलतो, तो प्रयोगही होऊन जाऊ दे: पाच-सहा पाकळ्या अर्धी वाटी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गाळा, एका भागात लिंबू पिळा, दुसऱ्यात चुन्याची निवळी घाला. लिंबाने गडद गुलाबी, निवळीने हिरवट.

पाकळ्यांची ही पीळ शेतात वेगळ्याच कारणाने ओळखीची आहे. गुलाबी बोंडअळी कळीत शिरली की आतून पाकळ्यांची टोकं रेशमी धाग्याने बांधते. मुळातच गुंफलेल्या पाकळ्या मग उघडत नाहीत आणि फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. तीच डोमकळी. दिसली की तोडून नष्ट करायची, तिथेच सरीत टाकून द्यायची नाही, कारण अळी आत जिवंत असते.

आता मधला लांब दांडा. सगळा गोंधळ इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

हा दांडा म्हणजे एक अवयव नाही, नळीत नळी आहे. बाहेरची नळी पुमंग, म्हणजे नर भाग. असंख्य पुंकेसरांचे वृंत, म्हणजे देठ, एकमेकांना जुळून ती तयार झालेली असते. वरच्या अर्ध्या भागात वृंतांची मोकळी टोकं बाजूला फुटतात आणि प्रत्येकावर एक पिवळा परागकोष असतो. म्हणून पुस्तकात 'पुंकेसर असंख्य, एकसंघ' असं लिहितात. परागकोष भिंगाखाली घ्या: घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा आणि एकच कप्प्याचा. बाकी बहुतेक फुलांत परागकोषाला दोन खण असतात. इथे एकच, ही या कुळाची खूण. तो वरच्या कडेने तडकतो आणि पराग बाहेर येतात. परागकण मोठे, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही मोठे, आणि अंगभर काटे. काळ्या कागदावर झटकले तर नुसत्या डोळ्यांना ठिपके दिसतात. इतके जड, चिकट कण वाऱ्याने उडत नाहीत, त्यांना कुणीतरी वाहून न्यावंच लागतं. कपाशीचंही तसंच आहे: पराग वाऱ्याने पसरत नाहीत, एका शेतातून दुसऱ्यात जातात ते मधमाश्यांच्या अंगावरून.

नळीच्या अगदी टोकाशी पाच बारीक दात असतात. त्यांच्या मधून आतला धागा बाहेर येतो आणि त्याच्या पाच फांद्या होऊन प्रत्येकीवर एक लाल मखमली गोंडा बसतो. हे पाच गोंडे म्हणजे कुक्षी. 'पुंकेसर पाच' असं लिहिणारी मुलं बहुधा हेच मोजतात. पिवळे ते पुंकेसर, टोकावरचे लाल ते स्त्रीकेसराचं टोक, एवढं लक्षात ठेवलं तरी ही चूक टळते.

आतला धागा दाखवायचा असेल तर नळी ब्लेडने खालून वर, फक्त सालापुरती, उभी चिरा. घाई करून खोल चिरलं की हा धागा, म्हणजे कुक्षीवृंत, तुटतो आणि मग मुलं तो वहीत नळीच्या शेजारी स्वतंत्र काढतात, जो तिथे नसतोच. तो नळीच्या आतून तळापर्यंत जातो. चिरलेली साल टाचण्यांनी दोन्ही बाजूंना उघडून धरा. पांढरट धागा सापडला की त्याचा माग घेत खाली या. तळाशी निदलांच्या घंटेत शंकूसारखा फिकट हिरवा अंडाशय सापडेल. तो फुलाच्या तळाशी असूनही पुस्तक त्याला 'ऊर्ध्वस्थ' म्हणतं. कारण निदल, पाकळ्या आणि पुंकेसरनळी त्याच्या खालून निघतात, वरून नाही.

या नळीच्या रचनेवर कपाशीच्या संकरित बियाण्याचा सगळा उद्योग उभा राहिला. जगातलं पहिलं व्यापारी संकरित कापसाचं वाण, एच-४, १९७० साली डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतेत दिलं. तापी आपल्याकडून तिकडेच जाते. मादी म्हणून निवडलेल्या झाडावर दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या दुपारनंतर निवडतात, अंगठ्याच्या नखाने तळाशी उथळ चीर देतात आणि पाकळ्या पिळून वर ओढतात. पाकळ्या आणि पुंकेसरनळी तळाशी एक असल्यामुळे सगळा नर भाग टोपीसारखा एकदम निघतो. अंडाशय आणि कुक्षीवृंत मागे उभे राहतात. याला डोक या संशोधकाच्या नावावरून डोक पद्धत म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलाचे पराग कुक्षीवर फिरवतात. नख खोल गेलं तर अंडाशयाला इजा होऊन बोंड गळतं. दोन-चार परागकोष खाली राहिले तर बी संकरित न होता स्वतःचंच होतं. पुंकेसर सुटे असते तर एकेक चिमट्याने काढत बसावं लागलं असतं.

अंडाशय आडवा कापून बघायचा, पण जास्वंदीत तो इतका लहान की पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत चिरडतोच. म्हणून कोवळी भेंडी घ्या. आडवा काप दिला की चित्र स्पष्ट: मध्ये खांब, त्याच्याभोवती पाच किंवा जास्त कप्पे, प्रत्येक कप्प्यात खांबाला चिकटलेली बीजं. जास्वंदीत असेच पाच कप्पे आणि प्रत्येकात अनेक बीजांडं. पाच कुक्षी आणि पाच कप्पे हा योगायोग नाही: पाच स्त्रीकेसर जुळून एक जायांग, म्हणजे फुलाचा मादी भाग, झालं आहे. परागकण कुक्षीवर रुजतो, त्याची नलिका कुक्षीवृंताच्या आतून लांबत खाली येते आणि बीजांडापर्यंत पोचते. फलन झालं की बीजांडाचं बी होतं, अंडाशयाचं फळ. कपाशीत तीन ते पाच कप्प्यांचं बोंड बनतं आणि बीजाच्या सालीवरच्या पेशी लांबून सरकीवरची रुई होते. एक तंतू म्हणजे एकच पेशी. फुलापासून बोंड फुटेपर्यंत साधारण ५० दिवस जातात.

फलन झालं की नाही हे फुलाचा कोणता भाग गळतो त्यावरून ओळखता येतं, हे मात्र वहीत जरूर लिहा. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट-पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मग पाकळ्या आणि पुंकेसरनळी एकत्र सुकून गळतात आणि मागे बोंडी राहते. भेंडीतही तसंच, फक्त तिचा निदलपुंजही पाकळ्यांबरोबर पडतो, तेव्हा तिथे देठ पडला का ते बघा. जमिनीवर नुसती सुकलेली पाकळ्यांची गुंडाळी पडली असेल तर फळ धरलं. देठासकट, निदलांसकट अख्खं फूल पडलं असेल तर धरलं नाही. जास्वंदीच्या झाडाखाली बघा: जवळजवळ सगळी अख्खी पडलेली दिसतील.

ती का, याची कारणं एकाला एक लागून आहेत. शोभेची जास्वंद शेकडो वर्षं माणसाने कलमांवर आणि फाट्यांवर वाढवलेली, अनेक संकरांतून आलेली. तिच्या गुणसूत्रांचा हिशेब विस्कटलेला असतो, त्यामुळे बरेच पराग वांझ निघतात. गल्लीतली सगळी लाल झाडं बहुधा एकाच झाडाच्या फाट्यांची, म्हणजे परागण झालं तरी घरातल्या घरातच. शिवाय कुक्षी परागकोषांच्या पुढे बसलेल्या. आपले पराग आपल्या कुक्षीवर सहज पडत नाहीत. भेंडीत परागकोष कुक्षीच्या अगदी जवळ असल्याने तिला कुणाची वाट बघावी लागत नाही. त्यात मे महिन्यातलं ४४-४५ अंशांचं ऊन.

तरी फळ बघायचंच असेल तर थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, प्रयत्न करा. सकाळी वेगळ्या जातीच्या, उदाहरणार्थ पिवळ्या एकेरी फुलाचा दांडा तोडा आणि त्याचे पराग लाल फुलाच्या पाचही कुक्षींना हलकेच लावा. फुलाला दोरा बांधून खूण करा. एकावर थांबू नका, वीस-पंचवीस फुलांना लावा. तीन-चार दिवसांनी निदल हिरवेच राहिले आणि आत गाठ फुगली तर जमलं. फळ पिकायला दीड-दोन महिने लागतात. ते कोरडं होऊन पाच फाकांनी उकलतं. बहुतेक फुलं पडतीलच.

कळीगळीचं थोडक्यात. पडलेली कळी उभी चिरून बघा. आत अळी किंवा काळपट कुरतडलेला भाग असेल तर कीड. आत स्वच्छ असेल तर पाणी किंवा ऊन. आपल्या काळ्या जमिनीचे दोन टोकांचे त्रास आहेत: उन्हाळ्यात भेगा पडून मुळ्या तुटतात, पावसात पाणी साचून मुळ्या गुदमरतात. दोन्ही वेळा झाड आधी कळ्या सोडतं, देठाच्या त्या सांध्यावर. उन्हाळ्यात बुडाशी पाचटाचं किंवा वाळक्या पाल्याचं आच्छादन घाला, पाणी रोज थोडं देण्यापेक्षा जमिनीतल्या झाडाला खोल द्या. कुंडीला मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ लागतं. आळ्यात पावसाचं पाणी थांबू देऊ नका. शेंड्यावर पांढरा कापसासारखा थर आणि वाकडी पानं दिसली तर पिठ्या ढेकूण. तो शेंडा कापून काढा, मग ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून गाळलेला, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. शेजारच्या शेतात कपाशी असेल तर हा ढेकूण इकडून तिकडे जातो, तेव्हा कापलेला शेंडा बांधावर फेकू नका. छाटणी फेब्रुवारीत, फुलं नव्या फुटीवर येतात.

वहीत चिकटवताना ओले भाग लावू नका, चिकट द्रवाने कागदाला बुरशी येते. वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदला, चार-पाच दिवसांत सुकतात. लाल पाकळ्या जांभळट होतात, ते चालतं. क्रम बाहेरून आत लावा: अपिसंवर्त, निदलपुंज, दलपुंज, चिरून उघडलेली पुंकेसरनळी, आणि शेवटी अंडाशयापासून पाच कुक्षींपर्यंत अखंड स्त्रीकेसर. तो तुटला असेल तर दुसरं फूल घ्या, झाडावर उद्या येणारच आहे.